वरच्या चौकटीतला श्री

रुखवतात काय काय मांडायचं हे ठरवायला गंध्यांच्या घरी जी बैठक बसली होती, तिला सुमंतरावांना कुणी बोलावलेलं नव्हतं. ते फक्त रिकामा कप ठेवायला स्वयंपाकघराकडे निघाले होते. पण बैठक बरोबर वाटेतच सतरंजीवर पसरलेली होती, आणि तिला ओलांडायचं म्हणजे लोकरीचे गुंडे, सुपाऱ्यांचा ढीग आणि मेहुणी, सगळ्यांनाच ओलांडायचं. म्हणून ते कप हातात धरून उभे राहिले.

"सुपाऱ्यांचं वऱ्हाड माझ्याकडे," पारनेरहून आलेली मेहुणी प्रणिता म्हणत होती. "सप्तपदीची पावलं ताई करेल. आणि भाऊजी काय करणार?"

"ते?" नीलांबरीबाईंनी मान वर न करता सुईत दोरा ओवला. "ते खुर्च्या मोजतील."

आता बाई खोटं काही बोलल्या नव्हत्या. सुमंतराव भिंगारच्या एका लष्करी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून नुकतेच निवृत्त झालेले. दर मार्चला कचेरीतल्या खुर्च्या, टेबलं, कपाटं मोजायची आणि त्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर घालायचे, हे काम त्यांनी उभा जन्म केलं होतं आणि एकही स्टूल हरवू दिलं नव्हतं. पण खरं असलं म्हणून लागायचं थोडंच राहतं? सतरंजीवरच्या सगळ्या बायका हसल्या. त्या हसण्यात सुमंतरावांच्या तोंडून जे वाक्य गेलं, ते ऐकून सगळ्यात जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं.

"मी मनवासाठी गेम करणार आहे," ते म्हणाले. "तिच्या त्या जुन्या यंत्रावर चालणारा."

ते यंत्र म्हणजे मनवा तिसरीत असताना अवधूतमामाने सिंगापूरहून आणलेलं जपानी खेळणं. करड्या रंगाचं, विटेएवढं जाड, हिरवट पडद्याचं, चार पेन्सिल सेल खाऊन चालणारं. भारनियमनाच्या संध्याकाळी बापलेक पायरीवर बसून 'एक डाव तू, एक डाव मी' असं खेळायचे. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, म्हणून ज्याचा डाव नसेल त्याने बॅटरी धरायची असा नियम होता. त्याच्याबरोबर आलेली एकुलती एक कॅसेट पुढे कधीतरी बिघडली. मनवा मोठी झाली, दातांची डॉक्टर झाली, आणि यंत्र कपाटात जाऊन पडलं.

आता मनवा पार्थ लगडशी लग्न करून श्रीगोंद्याला जाणार होती. पार्थ चांगला मुलगा होता. घरचा ऊस होता, ठिबक सिंचनाचं दुकान होतं, आणि सुमंतरावांशी बोलताना तो मोबाईल पालथा ठेवायचा. त्याच्याबद्दल तक्रार करायला जागाच नव्हती, आणि सुमंतरावांची नेमकी हीच तक्रार होती. मुलगी जाताना आईचं सगळं बरोबर नेणार होती: लोणची, गोधड्या, आमटीचा हात, अगदी कपाळावर हात मारायची लकबसुद्धा. बापाचं काय नेणार? खुर्च्यांवरचे नंबर? आपल्या हातचं एक तरी काही तिच्या पर्समध्ये जावं, एवढंच त्यांना हवं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते म्हणाले, "टेक्नॉलॉजी आहे, तुम्हाला नाही कळायचं," आणि कप तिथेच ठेवून निघून गेले.

अशा जुन्या यंत्रांसाठी घरबसल्या हौसेने गेम लिहिणाऱ्यांची इंटरनेटवर एक जमातच आहे. कुणी स्वीडनचा, कुणी ब्राझीलचा. सुमंतराव त्यांच्यात सामील झाले आणि 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून' या थाटाच्या इंग्रजीत प्रश्न विचारू लागले. ब्राझीलच्या एका गड्याने पहिल्या पत्राच्या उत्तरादाखल नुसता हसरा चेहरा पाठवला. सुमंतरावांनी ती मंजुरी समजून पुढचं काम हाती घेतलं.

प्रोग्राम लिहायला बसल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे वर श्री लिहिला. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. गंध्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या कुणी ना कुणी काही ना काही लिहीत आलेलं, पंचांगं, दरखास्ती, निकालपत्रकं, आणि श्रीशिवाय त्यांनी धोब्याचे कपडेसुद्धा लिहून ठेवले नव्हते. मनवालाही त्यांनी तेच वळण लावलं. इतकं लावलं, की शिष्यवृत्तीच्या परीक्षेत तिने उत्तरपत्रिकेच्या वरच्या चौकटीत ठसठशीत श्री लिहून ठेवला. चौकटीखाली छापलं होतं, 'येथे काहीही लिहू नये.' शाळेने सुमंतरावांना बोलावून घेतलं. तेव्हा मुख्याध्यापकांना ते अत्यंत शांतपणे म्हणाले होते, "देवाचं नाव म्हणजे काहीही नव्हे." 

तर त्या जमातीने दिलेल्या माहितीपुस्तकात कॅसेटवर कुठे काय भरायचं याचा नकाशा होता, आणि त्यात अगदी सुरुवातीला अशीच एक सुरेख लांबट चौकट होती. तिच्यात आधीपासून कसल्या तरी परदेशी खुणा भरलेल्या होत्या. सरकारी अर्जाच्या नमुन्यात 'श्री. अ. ब. क., राहणार अमुक' असं भरलेलं असतं, तसला हा नमुना असणार हे अनुभवी कारकुनाला सांगावं लागत नाही. नमुना तसाच ठेवून अर्ज पुढे धाडणारी माणसं सुमंतरावांनी जन्मभर परत पाठवली होती. त्यांनी त्या खुणा पुसल्या, ठिपक्याला ठिपका जुळवून तिथे श्री बसवला, मनोमन हात जोडले आणि कामाला लागले.

गेम साधा होता. मनवा भिंगारच्या घरातून निघते आणि श्रीगोंद्याला पोचते. वाटेत खड्डे, गतिरोधक, रस्त्यात बैठक मारलेल्या म्हशी, आणि उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत डुलत जाणारे ट्रॅक्टर चुकवायचे. मध्ये मध्ये नातेवाईक उभे. ते भेटले की काही ना काही देतात. घर त्यांनी फार मन लावून काढलं. ओटा काढला, झोपाळा काढला, मनवाची खाट काढली, आणि दारात स्वतः सुमंतराव, टकलासकट.

"तुम्ही दारात काय करताय?" नीलांबरीबाईंनी खांद्यावरून डोकावून विचारलं.

"उभा आहे."

"ते दिसतंय. पुढे?"

"पुढचं नंतर लिहीन."

पण नंतर रस्त्याचंच काम वाढत गेलं. घर तर झालेलंच होतं, म्हणून तपासताना ते दर वेळी थेट फाटकाबाहेरून सुरुवात करायचे.

खरी अडचण नातेवाइकांनी आणली. गेममध्ये आपण आहोत ही बातमी फुटली आणि पत्रिकेत नाव कुठे, यावर जे रुसवेफुगवे व्हायचे ते सगळे इकडे वळले. या यंत्रात प्रत्येक माणसाला आठ ठिपके उंची आणि आठ ठिपके रुंदी. त्यात डोकं, धड, पाय आणि घराण्याची अब्रू, सगळं बसवायचं. अवधूतमामाला मिशी हवी होती.

"अवधूत, तुझं तोंडच मुळी दोन ठिपक्यांचं आहे," सुमंतराव म्हणाले. "त्यात मिशी घातली तर तोंड राहत नाही."

"मग तोंड काढा," अवधूतमामा म्हणाला. "पण लगडांकडच्या बन्सीकाकांना मिशी आणि मुलीच्या मामाला नाही, असं नको. मानपानाचा प्रश्न आहे."

शेवटी अवधूतमामाला मिशी मिळाली आणि तोंड गेलं. नीलांबरीबाईंनी स्वतःचं चित्र पाहून "मी एवढी जाड?" असं विचारलं. "आठ ठिपके सगळ्यांनाच आहेत," असं सुमंतराव म्हणाले. हे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं, पण त्या दिवशी जेवणात कोशिंबीर नव्हती.

दरम्यान परदेशातून मागवलेली कोरी कॅसेट आणि तिच्यावर प्रोग्राम चढवायचं छोटं यंत्र वाटेत अडकलं. कुरिअर कंपनीला ओळखीचा पुरावा हवा होता. सुमंतरावांच्या ओळखपत्रावर जिल्हा अहमदनगर होता, कंपनीच्या फॉर्ममध्ये नुसता अहिल्यानगर, आणि कंपनीच्या संगणकाचं ठाम मत पडलं की हे दोन वेगळे सुमंत गंधे आहेत. सुमंतरावांना मनातून आनंदच झाला. कारण हे त्यांचं रणांगण होतं. त्यांनी विषय, संदर्भ, सोबत जोडलेली कागदपत्रं अ ते ई, आणि नामांतराच्या अधिसूचनेची प्रत, असा नामी अर्ज तयार करून पाठवला. उलट उत्तर आलं: 'आपली अडचण थोडक्यात सांगा.' त्यांनी दुसरा अर्ज केला. उत्तर तेच आलं. पलीकडे माणूसच नाही, यंत्र बोलतंय, हे मनवाने त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी अर्जाची कार्यालयीन प्रत पुन्हा एकदा वाचून पाहिली. अर्ज नामंजूर होणं त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. अर्ज कुणी वाचतच नाही, हा धक्का वेगळा होता. अखेर मनवाने मोबाईलवर पाच-सहा बटणं दाबली आणि पार्सल सुटलं. त्यात काय आहे ते मात्र सुमंतरावांनी तिला सांगितलं नाही. वस्तू रुखवताच्या टेबलावरच दिसायची होती.

पार्सल आलं त्या दुपारी शेजारचे कानिफनाथ आवर्जून हजर राहिले. कानिफनाथांनी लष्कराच्या वर्कशॉपात रणगाडे दुरुस्त करण्यात हयात घालवलेली. निवृत्तीनंतर भिंगारात रणगाडे फारसे येत नाहीत, त्यामुळे आळीतला मिक्सर जरी बंद पडला तरी ते पाना घेऊन धावत.

सुमंतरावांनी कॅसेटवर प्रोग्राम चढवला, कॅसेट यंत्रात खोचली, नवे सेल घातले आणि बटण सरकवलं. पडद्याच्या वरच्या कडेतून श्री अवतरला. संथपणे खाली सरकत मध्यावर आला. 'टिंग' असा मंजुळ आवाज झाला, आणि श्री थांबला.

सगळे थांबले. चहा झाला. श्री तिथेच होता.

"म्होरं?" कानिफनाथांनी विचारलं.

"लोड होत असेल," सुमंतराव म्हणाले. पण ते काही लोड होत नव्हतं. बंद करून चालू केलं, की पुन्हा श्री उतरायचा, टिंग व्हायचं आणि सगळं ठप्प. संगणकावर मात्र तोच गेम सुरळीत चालत होता. म्हशी बसत होत्या, ट्रॅक्टर डुलत होते, अवधूतमामा तोंडाशिवाय आशीर्वाद देत होता.

"साहेब, ह्येला अर्थिंग न्हाई," कानिफनाथ म्हणाले. "आमी रणगाडं चालू क्येल्यात, ह्ये काय हाय!" त्यांनी कॅसेटच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, फुंकर मारली, सेल उलटे घालून पाहिले, सुलटे घालून पाहिले, आणि शेवटी यंत्राला वायर लावून ती तुळशीच्या कुंडीत खोचली. श्री उतरला, टिंग झालं. तुळशीसमोर ते दृश्य फारच शोभून दिसलं एवढाच काय तो फरक.

अवधूतमामाने फोनवरून हा व्हायरस असल्याचं निदान केलं. ब्राझीलच्या गड्याने विचारलं, 'पडद्यावर काय दिसतं?' सुमंतरावांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'देवाचं नाव व्यवस्थित दिसतं. त्यानंतर काहीही होत नाही.' त्याने दोन जोडलेले हात पाठवले आणि पुन्हा काही विचारलं नाही.

"त्या माहितीपुस्तकात काय लिहिलंय ते वाचलंत का नीट?" नीलांबरीबाईंनी विचारलं.

हे मात्र सुमंतरावांच्या वर्मी लागलं. दुनियेला सूचना वाचायला लावणाऱ्या माणसाला हा प्रश्न! "दुसऱ्या पानापासून शेवटपर्यंत शब्दन् शब्द वाचलाय," ते म्हणाले. पहिलं पान त्यांनी सोडलं होतं. पहिल्या पानावर प्रस्तावना आणि आभार असतात.

विचार करता करता त्यांनी एक सिद्धान्त मांडला. कॅसेटवर जागा मर्यादित आहे. गेममध्ये माणसं फार झाली आहेत. त्यांतल्याच कुणाच्या तरी भाराने यंत्र बसतंय. तेव्हा एकेक नातेवाईक काढून पाहायचा. ज्याला काढल्यावर चालेल, तो दोषी. पद्धत शास्त्रशुद्ध होती. फक्त ती त्यांनी ओटीवर बसून, फोनवर, अवधूतमामाला मोठ्याने समजावून सांगायला नको होती.

"बन्सीकाकांना काढलं, तरी तेच," ते सांगत होते. "प्रणितालाही काढून पाहिलं. काही फरक पडला नाही."

संध्याकाळच्या आत पारनेरहून फोन आला. प्रणितामावशींना काढल्याचं दुःख नव्हतं. गेम आहे, काढतात कुणाला कधी. पण काही फरक पडला नाही?

"मनवाच्या बारशाला पाळण्यापाशी मी होते," मावशी म्हणाल्या. "दहावीला गणित मी घेतलं. आणि मी असले काय नसले काय, फरक पडत नाही. बरं झालं, कळलं. सुपाऱ्यांचं वऱ्हाड मी पाठवून देईन हं कुणाबरोबर तरी."

नीलांबरीबाईंनी सुमंतरावांकडे जे पाहिलं, ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी सुमंतराव एसटीने पारनेरला गेले. प्रणितामावशींच्या ओट्यावर बसून त्यांनी गेममध्ये त्यांना पुन्हा उभं केलं, हातात लाडवाचा डबा दिला आणि पदराला दोन ठिपके जास्त लावले. मावशी निवळल्या. पण तोवर बाकीच्यांनाही वास लागला होता, त्यामुळे काढलेले सगळेच परत घ्यावे लागले, आणि वर नीलांबरीबाईंची एक आत्याही आली, जिचा मुळात विचारच झालेला नव्हता.

लग्नाचा दिवस उजाडला तरी श्री उतरत होता आणि थांबत होता.

"मी हे ठेवत नाही," कार्यालयात रुखवताच्या टेबलापाशी सुमंतराव हळूच म्हणाले. यंत्र त्यांनी कोटाच्या खिशात दडवलं होतं. "बंद पडलेली वस्तू मांडायची म्हणजे हसं होईल."

नीलांबरीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. नवरा महिनोन् महिने पाठ दुखेपर्यंत त्या संगणकापुढे बसलेला त्यांनी पाहिला होता. त्यांनी सरळ नवऱ्याच्या खिशात हात घातला, यंत्र काढलं, सुपाऱ्यांचं वऱ्हाड थोडं सरकवलं आणि मधोमध ते ठेवून भोवती शेवंती मांडली. त्यांनी घरूनच एक पाटी लिहून आणली होती: 'वधूपित्याने स्वहस्ते तयार केलेला खेळ.' सुमंतरावांनी पाटी दोनदा वाचली. मग ते खुर्च्या मोजायला गेले.

थोड्या वेळाने टेबलापाशी गर्दी दिसली म्हणून ते धास्तावून परतले. पार्थच्या आजी छबूबाई लगडांकडच्या बायका घेऊन रुखवत पाहायला आल्या होत्या. त्यांनी कौतुकाने ते बटण सरकवलं. श्री वरून उतरू लागला. छबूबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"आगं बया! द्येव उतारतोय की गं!"

टिंग झालं.

"आन् घंटी बी वाजली!" छबूबाईंनी हात जोडले. मग हळदी-कुंकवाची कुयरी पुढे ओढून यंत्राला दोन बोटं लावली. "आवं पावनं, लई केलंत. एवढी रुखवतं पायली, पर द्येव्हारा कुनी आनला न्हाई आजवर."

बघता बघता रांग लागली. जो तो बटण बंद करी, चालू करी, श्री उतरला की हात जोडी आणि पुढच्याला जागा देई. सेल दमले तर कानिफनाथांनी कार्यालयाच्या घड्याळातला काढून घातला. सुमंतराव कानकोंडे होऊन उभे होते. स्तुती तर चालली होती, पण ती न केलेल्या गोष्टीची होती, आणि केलेली गोष्ट त्या श्रीच्या मागे, आत कुठेतरी कोंडून पडली होती.

"पर म्होरं काय हुतं?" बन्सीकाकांनी मिशीवरून हात फिरवत विचारलं.

"पुढे..." सुमंतरावांनी शेवंती सारखी केली. "पुढे काही होत नाही."

"द्येव आल्यावर आनि काय व्हायाचं ऱ्हायलंय रं?" छबूबाई म्हणाल्या. "सरक तिकडं."

तेवढ्यात फोटोसाठी मनवा तिथे आली. शालू सावरत ती टेबलापाशी थबकली. तिने यंत्र ओळखलं आणि तिचा चेहरा तिसरीतल्यासारखा झाला. मग तिने पाटी वाचली. मग बटण सरकवलं. श्री उतरला, टिंग झालं. मनवा क्षणभर पाहत राहिली आणि मुंडावळ्या हलतील इतकी हसू लागली.

"बाबा, वरच्या चौकटीत श्री लिहिलात ना?"

"लिहिला," सुमंतराव म्हणाले. "मग?"

"तिथे आधी काहीतरी असेल."

"नमुना होता."

"नमुना नव्हता हो! कंपनीची खूण होती ती. आठवत नाही? आपण सुरू करायचो तेव्हा आधी तीच वरून यायची, टिंग व्हायचं, मग खेळ. यंत्र ती ओळखतं, मगच पुढे जाऊ देतं. तुमच्या कचेरीच्या फाटकावर कुणी पासच्या जागी देवाचं नाव दाखवलं, तर तो जवान काय करेल?"

सुमंतरावांनी विचार केला. "नमस्कार करेल," ते म्हणाले. "पण सोडणार नाही."

"येथे काहीही लिहू नये असं असेल बघा कुठेतरी."

"देवाचं नाव म्हणजे..." सुमंतराव म्हणू लागले.

"काहीही नव्हे," मनवाने वाक्य पुरं केलं, आणि एवढ्या माणसांत तिने त्यांचा हात घट्ट धरला. मग फोटोवाल्याने हाक मारली आणि ती गेली. फोटोत सुमंतरावांचे डोळे मिटलेले आले आहेत.

मांडवपरतणीला मनवा-पार्थ आले तेव्हा सुमंतरावांनी पहिलं पान वाचलं होतं: 'वरच्या चौकटीतली खूण बदलू नये; संगणक ती तपासत नाही, यंत्र तपासतं.' त्यांनी कंपनीची खूण तिच्या जागी परत बसवली, श्री तिच्या खाली घेतला आणि कॅसेट पुन्हा भरली. या वेळी आधी कंपनी आली, टिंग झालं, मग श्री आला, आणि मग चक्क घर आलं. ओटा, झोपाळा, खाट. मनवाने टाळी वाजवली. पण तिकडे उसाला पाण्याची पाळी होती आणि पार्थ गाडी सुरू करून बसला होता. "तिकडे जाऊन निवांत खेळते," म्हणत तिने यंत्र पर्समध्ये टाकलं. पर्सची चेन लागल्याचा आवाज सुमंतरावांनी नीट ऐकला.

दोन-चार दिवसांनी श्रीगोंद्याहून फोन आला.

"बाबा, एक अडचण आहे. मला घराबाहेर पडता येत नाहीये."

नीलांबरीबाईंच्या हातातली पळी थांबली. "काय झालं गं?"

"गेममध्ये, आई! बाबा दारात उभे आहेत ना, ते बाजूलाच होत नाहीत. सगळीकडून जाऊन पाहिलं. ओट्याला वळसा घातला, झोपाळ्यावर बसले. ढिम्म हलत नाहीत."

मागून छबूबाईंचा आवाज आला, "आगं, बापाच्या पाया पड. मंग सोडतोय त्यो."

"आजी, नमस्काराचं बटणच नाहीये त्यात."

"तपासतो," सुमंतराव म्हणाले आणि संगणकापाशी गेले. प्रोग्राम समोर उघडला. प्रत्येक नातेवाइकासाठी त्यांनी लिहून ठेवलं होतं: मनवा जवळ आली की प्रणितामावशी लाडू देते, अवधूतमामा आशीर्वाद देतो, बन्सीकाका ट्रॅक्टर थांबवतात. स्वतःसाठी त्यांनी लिहिलं होतं, दारात उभा राहा. पुढे काहीच नव्हतं. म्हशींना उठायला शिकवलं, ट्रॅक्टरांना वळायला शिकवलं, आणि एवढी एक ओळ लिहायची राहून गेली. त्यांना कळलं की ती राहून गेलेली नव्हती. ती लिहायला त्यांचा हातच झाला नव्हता. डोळे पाणावले ते त्यांनी पुसले नाहीत. आसपास कुणी नव्हतं.

मग त्यांनी ती ओळ लिहिली: मनवा जवळ आली की बाबा एक पाऊल बाजूला होतात. तिच्याखाली कुणी न सांगता आणखी एक लिहिली: यानंतर दार लागत नाही.

कॅसेट भरायचं यंत्र भिंगारला, म्हणून रविवारी मनवा-पार्थ पुन्हा आले. येताना काकवीची बरणी आणली. आमटी-भात झाला, दुपारच्या झोपा झाल्या, कॅसेट भरून झाली. "आता बघा, तुमच्या नाकावर टिच्चून बाहेर पडते," म्हणत मनवा हसत गाडीत बसली. सुमंतराव फाटकात उभे होते, ते गाडी काढायला बाजूला झाले.

दिवेलागणीला फोन वाजला.

"बाबा," पलीकडे मनवाला हसू आवरत नव्हतं. "श्री उतरला. टिंग झालं. थांबला."

सुमंतरावांनी फोन कानाला धरूनच संगणक उघडला. दुरुस्त केलेला प्रोग्राम त्यांनी नव्या कोऱ्या फाइलवर घेतला होता. आणि कोरं काही समोर आलं की त्यांचा हात आधी कुठे जातो, हे सांगायला नको.

"घेऊन ये रविवारी," ते गंभीरपणे म्हणाले. "तपासावं लागेल."

त्यांनी फोन ठेवला. नीलांबरीबाई कमरेवर हात ठेवून समोर उभ्या होत्या.

"खरं सांगा. मुद्दाम केलंत?"

"सवय," सुमंतराव म्हणाले. त्यांनी चष्मा लावला, कोरा कागद पुढे ओढला आणि रविवारी बाजारातून काय काय आणायचं ते लिहायला घेतलं. वर श्री लिहिला, आणि त्याच्याखाली मनवाला आवडणारी घेवड्याची भाजी.